फायेचं पाच टक्क्यांचं दही आणि माझी जाजीकी

डब्याचं झाकण काढलं, वरचा कागद सोलला, मधोमध एक डावभर दही काढलं आणि डबा परत फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर खड्डा तसाच, कडा तशाच उभ्या आणि तळाशी जेमतेम चमचाभर पाणी. चिपळूणला पाडव्याच्या आदल्या रात्री आई पंच्यात दही बांधून खुंटीला टांगायची, त्याचा सकाळी असा चक्का व्हायचा. त्या चमचाभर पाण्यावर मी हे दही पास केलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

आम्ही ग्रीसमध्ये, अथेन्सजवळ निकेआला राहतो. नवऱ्याचं ऑफिस पिरेअसला, जहाजांच्या कंपनीत. २०२२ मध्ये निकेआची मेट्रो पिरेअसपर्यंत गेली आणि त्याचा रोजचा प्रवास दोन स्टेशनांवर आला. जाजीकी हा दही, काकडी आणि लसणाचा पदार्थ इथे प्रत्येक जेवणघरात मिळतो. आपल्याकडे हॉटेलांच्या मेनूवर त्याचं नाव 'त्झात्झिकी' असं काहीतरी जीभ अडखळेल असं लिहितात. इथले लोक सरळ 'जाजीकी' म्हणतात, आणि ज दोन्ही वेळा आपल्या 'जरा'मधला. मराठी माणसाला तो उच्चार शिकावा लागत नाही, म्हणून मीही जाजीकीच लिहिते.

जाजीकी करताना काकडी थोडी जून निघाली, तेल जरा जास्त पडलं, तरी निभावतं. दही चुकलं की मात्र काहीच हाती लागत नाही. म्हणून हे परीक्षण दह्याचं आहे. फाये कंपनीचं 'टोटल', पाच टक्के फॅटचं, मी नेहमी एक किलोचा डबा आणते.

'फाये' म्हणजे ग्रीकमध्ये 'खा'. फिलिप्पू बंधूंच्या दुग्धव्यवसायाच्या लांबलचक ग्रीक नावाची आद्याक्षरंही तीच होतात. अथेन्सच्या पातिसिऑन रस्त्यावर १९२६ मध्ये त्यांचं छोटंसं दुधा-दह्याचं दुकान होतं. टोटल हे निथळलेलं दही त्यांनी १९७५ मध्ये डब्यात आणलं. त्याआधी इथेही असं दही सुटंच मिळायचं, कापडातून गाळलेलं. ग्रीकमध्ये त्याला 'स्त्रांगिस्तो' म्हणतात, म्हणजे निथळलेलं. आपण ज्याला चक्का म्हणतो त्याचाच हा ओलसर भाऊ. डब्यावर घटक वाचले तर दूध, साय आणि विरजण, एवढंच. स्टार्च नाही, दुधाची भुकटी नाही. एक किलो दह्याला चार किलोच्या आसपास दूध लागतं असं कंपनी सांगते, आणि शंभर ग्रॅममागे नऊ ग्रॅम प्रथिनं बघितली की ते पटतं. बाकीचं सगळं पाणी होऊन निघून गेलेलं असतं.

मला जाजीकी शिकवली ती खालच्या मजल्यावरच्या आजींनी. इथे आजीला 'याया' म्हणतात. यायांची आई दोन वर्षांची असताना, १९२२ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून निर्वासितांच्या बोटीतून इथे आली. निकेआ गावच त्या लोकांनी वसवलेलं. यायांच्या आजीच्या हातची जाजीकी पातळ असायची, वाटीत घेऊन चमच्यानं प्यायची, वर पुदिना. तुर्कस्तानात अजून तशीच करतात आणि 'जाजिक' म्हणतात, ग्रीक नाव तिथूनच आलं. म्हणजे आपली पातळ दह्यातली काकडीची कोशिंबीर आणि यायांच्या आजीचा जाजिक एकाच पंगतीत बसतील. पण यायांच्या पिढीनं घट्ट दही धरलं आणि आता त्यांना पातळ चालत नाही. मी पहिल्यांदा केलेली वाटी त्यांनी तिरकी करून बघितली. जाजीकी वाटीबरोबर सरकली. "कोरीत्सी मू, हे सूप झालं," म्हणाल्या. कोरीत्सी मू म्हणजे माझ्या पोरी. मग ओट्याशी उभं करून शिकवलं.

अर्धा किलो दह्याला साधारण तीनशे ग्रॅमची एक काकडी. बुधवारी आमच्या गल्लीत लाइकी भरते, म्हणजे आठवडी बाजार, तिथे कोवळी मिळते. साल काढून, उभी चिरून, चमच्यानं बिया खरवडून टाकायच्या. मग जाड किसणीवर किसायची. मी चिपळूणच्या सवयीनं कोचवायला घेतली होती. यायांनी विळीसारख्या धरलेल्या माझ्या सुरीकडे कौतुकानं बघितलं, पण किसणीच हातात दिली. कोचवलेल्या काकडीचे तुकडे दाताखाली छान लागतात, खमंग काकडीला तेच हवं. इथे मात्र काकडी दह्यात मिसळून गेली पाहिजे.

किसाला अर्धा चमचा मीठ चोळून चाळणीत अर्धा तास ठेवायचा. काकडीत शंभरात पंचाण्णव भाग पाणीच असतं, मीठ ते बाहेर खेचतं. नंतर कापडात घेऊन पिळायचं, आणि इथे हात राखायचा नाही. मी एकदा वजन केलं. किस भरला दोनशे साठ ग्रॅम, पिळल्यावर राहिला एकशे दहा. दीडशे ग्रॅम पाणी! ते काढलं नसतं तर त्या अर्ध्या किलो दह्यातच उतरलं असतं, आणि मग कितीही महागाचं दही आणा, उपयोग नाही. पिळल्यावर मुठीत जो गोळा उरतो तो मऊ, फिकट हिरवा, बोटांनी मोकळा करावा लागतो. पाणी फेकू नका. मी ते ताकात घालते.

लसणाच्या तीन पाकळ्या खलबत्त्यात मिठाबरोबर अगदी लोण्यासारख्या वाटायच्या. तुकडा राहिला तर तो एकाच माणसाच्या घासात येतो आणि त्याचं जेवण तिथंच संपतं. त्यात लाल वाइनचं व्हिनेगर एक मोठा चमचा. परदेशी पाककृतींत लिंबू लिहिलेलं दिसतं, यायांच्या घरी लिंबू चालत नाही. लिंबाचा वास लसणाच्या पुढे धावतो, व्हिनेगर मागे राहून काम करतं, असं त्यांचं म्हणणं आणि चार वेळा दोन्ही करून बघितल्यावर माझंही तेच मत झालं. मग दही, किस आणि तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, थोडं थोडं घालत. शेवटी मूठभर बारीक चिरलेला शेपू. हो, आपला शेपूच. शेपूच्या भाजीला नाक मुरडणारी माझी मुलगी ही जाजीकी वाटी चाटूनपुसून खाते.

ढवळायचं डावानंच. मिक्सरला हात लावायचा नाही, रवीलाही नाही. दह्याची घडण एकदा मोडली की आत धरलेलं पाणी ते सोडून देतं, मग वाटी कितीही थंड केली तरी ते परत बसत नाही.

आता दह्याबद्दल. पाच टक्क्यांच्या दह्याची जाजीकी केली की दोन-तीन तास फ्रीजमध्ये मुरल्यावर ती आहे तशी राहते, उलट तेल जिरून जरा आवळते. रात्री केलेली दुसऱ्या दिवशी दुपारीही वाढण्यासारखी असते. तिसऱ्या दिवशी लसूण चढतो, तेव्हा संपवलेली बरी. चव सौम्य, आंबटपणा बेताचा, मागे सायीचा गोडवा. तो गोडवा महत्त्वाचा, कारण लसणाचा तिखटपणा त्यावर टेकतो. बिनचरबीच्या दह्याची जाजीकी मी वजन कमी करायच्या दिवसांत करून बघितली होती. ती घट्ट होते, तक्रार घट्टपणाची नाही. पण तिच्यात लसूण नुसता टोचतो. ज्यांना चरबी चालत नाही त्यांनी दोन टक्क्यांचं घ्यावं आणि तेलात कंजुषी करू नये.

मेंढीच्या दुधाचं दही आवडणाऱ्यांना टोटल मिळमिळीत वाटेल हेही सांगते. इथे मातीच्या कुंडीत वर जाड सायीची खपली असलेलं मेंढीचं दही मिळतं. ते न निथळताच लागलेलं असतं, मध आणि अक्रोड घालून मी आनंदानं खाते. जाजीकीला मात्र ते आधी चार तास फडक्यात बांधावं लागतं, आणि त्याचा स्वतःचा वास इतका ठसठशीत असतो की शेपू हरतो.

दही नुसतं 'ग्रीक' दिसून भागत नाही, हे मी इंग्लंडमध्ये शिकले. ताई तिथे राहते. तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तीस माणसं जेवायला होती आणि जाजीकी मी करते असं मीच पुढे होऊन सांगितलं. दुकानात घाईत तीन मोठे डबे उचलले. 'ग्रीक स्टाइल' लिहिलेलं होतं, त्यातला 'स्टाइल' मी वाचलाच नाही. काकडी नेहमीसारखी पिळली, सगळं नेहमीसारखं केलं. पाहुणे यायच्या वेळी भांड्यावरची थाळी काढली तर कडेनं पाण्याचं तळं, मधे दह्याचं बेट, वर लसूण तरंगतोय. मागे डबा वाचला तेव्हा स्टार्च आणि दुधाची भुकटी दिसली. निथळलेलं नव्हतंच, घट्ट केलेलं होतं. मीठ आणि व्हिनेगर लागल्यावर त्यानं पाणी सोडलं. ताईनं काही न बोलता त्यात जिरं-मिरचीची फोडणी घातली आणि कोशिंबीर म्हणून वाढलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, तिच्या वाढदिवसाची एकच गोष्ट मी अंगावर घेतली होती.

नंतर कळलं की तिथे 'ग्रीक' ह्या एका शब्दावरून फाये कोर्टात गेली होती. 'ग्रीक योगर्ट' असं लिहिलं तर ते ग्रीसमध्येच केलेलं हवं, असा निकाल २०१३ मध्ये लागला आणि २०१४ मध्ये अपिलातही टिकला. म्हणून बाकीचे 'स्टाइल' लिहितात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी डबा उलटा करून घटक वाचावेत. दूध, साय, विरजण यापलीकडे काही असेल तर जाजीकीसाठी तो डबा घेऊ नका. आणि दुसरं काही मिळतच नसेल तर आपला पंचा आहेच, चार-पाच तास टांगा आणि जे उरेल ते वापरा.

भारतातून विचारणाऱ्यांनाही तेच सांगते. घरचं म्हशीच्या दुधाचं कवडीदार दही तीन तास टांगलं की पुरे. रात्रभर नको. रात्रभरानं चक्का कोरडा आणि आंबट होतो, श्रीखंडाला ठीक, जाजीकीत तो रवाळ लागतो.

श्रीखंडाचं विचाराल तर टोटलचं होतं, पण डब्यातून थेट नाही. साखर पडली की दही सैल होतं, त्यामुळे मी पाच टक्क्यांचंही रात्रभर टांगते. किलोच्या डब्यातून दोन वाट्यांच्या वर पाणी निघतं आणि त्या चक्क्याचं केशर-वेलचीचं श्रीखंड आमच्या इथल्या मराठी घरांत पाडव्याला सगळ्यांना पुरतं.

किमतीचं बोलायचं तर सुपरमार्केटच्या स्वतःच्या दह्यापेक्षा हे महाग पडतं. रोजच्या कढीला आणि ताकाला मी स्वस्तातलंच आणते. जाजीकीला आणि श्रीखंडाला मात्र हेच.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवस इथे सराकोस्ती असते. याया कडक पाळतात, मांस नाही, अंडी नाहीत, दूध-दही नाही. आपल्या चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो, त्यांना लसूण चालतो आणि दही चालत नाही. गेल्या मार्चमध्ये मी घरी पाहुणे आले म्हणून जाजीकी केली आणि वाटी घेऊन खाली गेले, तेव्हा आठवलं. परत फिरणार तोच त्यांनी थांबवलं. वाटी तिरकी करून बघितली, जागची हलली नाही. नाकाशी धरली. "व्हिनेगर कमी आहे," म्हणाल्या. वर येऊन चाखलं, खरंच कमी होतं. अर्धा चमचा वाढवलं.

ईस्टरच्या रविवारी खाली अंगणात कोकरू भाजतात. त्या दिवशीची जाजीकी आता माझ्याकडे असते, दोन डब्यांची. रिकामे डबे धुऊन एक मी ठेवते, एक यायांना देते. त्यांच्या फ्रीजरमध्ये त्यात माशाचं सार असतं. माझ्याकडच्यात आईनं पाठवलेला गोडा मसाला आहे.