एक रुपया न घालता गाणी प्लेलिस्टमध्ये: सांगलीतून वर्षभराचा अनुभव

आम्ही दोघं सांगली-मिरजेतले, मी लिहितो आणि गातो, दोस्त गिटार वाजवतो, बाकी सगळं लॅपटॉपवर. लेबल नाही, मॅनेजर नाही. गेल्या पावसाळ्यात ठरवून टाकलं की प्रमोशनला पैसा घालायचा नाही, स्पॉटिफायवर फुकटात जेवढं करता येतंय तेवढं सगळं करून बघायचं. आता वर्ष होत आलं आणि कार्यक्रमाला भेटलेली पोरं सारखी विचारतात की ते प्लेलिस्टचं तुम्ही कसं जमवलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. फुकट म्हणजे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायपर्यंत पोचवणारी कंपनी, तिचा खर्च सोडून हां. तो खर्च पण टाळता येतो, रूटनोटचा फुकट प्लॅन आहे, त्यात ते कमाईतले १५ टक्के ठेवून घेतात, नाहीतर डिस्ट्रोकिडसारख्यांना वर्षाची फी द्यायची. ते ज्याचं त्यानं बघावं.

सगळ्यात आधी पिच, म्हणजे आमचं नवीन गाणं प्लेलिस्टमध्ये घ्या म्हणून स्पॉटिफायच्या एडिटरांना पाठवायचं. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स म्हणून कलाकारांसाठीचं खातं असतं, त्यात २०१८ पासून ही सोय आहे, पैसे लागत नाहीत आणि तरी आपल्याकडच्या निम्म्या पोरांना पत्ताच नसतो. गाणं बाहेर यायच्या आधीच पिच करता येतं, रिलीज झालं की विषय संपला. एका वेळी एकच गाणं. जॉनर, मूड, वाद्यं, भाषा निवडायची आणि खाली ५०० अक्षरांत गाण्याबद्दल लिहायचं. आता त्या ५०० अक्षरांत 'हृदयाला भिडणारं सुमधुर गाणं' असलं काय लिहू नका, त्यातून एडिटरला काय कळणार? आम्ही लिहितो ते असं, की मराठी इंडी फोक आहे, २०१९ च्या पुरानंतर घरातला गाळ काढणाऱ्या बाईचं गाणं आहे, हार्मोनियम आणि मिरजेचा तानपुरा वापरलाय, व्हिडिओ अमुक तारखेला येणार, आणि अमुक मूडच्या प्लेलिस्टला जमेल. वाक्यं छोटी, विशेषणं जवळजवळ शून्य.

आता खरं सांगायचं तर एडिटोरियल, म्हणजे स्पॉटिफायच्या एडिटरांनी बनवलेल्या प्लेलिस्टमध्ये आमचं एकही गाणं अजून लागलेलं नाही. तरी मी पिच कधीच सोडणार नाही, कारण रिलीजच्या किमान सात दिवस आधी पिच केलं की ते गाणं तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये जातं, एडिटरनं घेतलं काय नाही घेतलं काय. रिलीज रडार म्हणजे प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी नव्या गाण्यांची आपोआप बनणारी प्लेलिस्ट, ती दर शुक्रवारी बदलते. म्हणजे ज्यानं आधीचं गाणं ऐकून फॉलो केलंय त्याच्यापुढं नवीन गाणं आपोआप जाणार, आणि पहिल्या आठवड्यातलं आमचं निम्मं ऐकणं तिथनंच येतं. फक्त डिस्ट्रिब्युटरकडनं गाणं पोचायला दिवस लागतात, म्हणून फाईल, कव्हर, क्रेडिट्स सगळं तीन-चार आठवडे आधी गेलं पाहिजे. गणपतीत आणायचं गाणं गणपतीच्या आदल्या आठवड्यात अपलोड करणारे लय आहेत आपल्यात, त्यांचं पिच कुठनं होणार.

पण मग फॉलोअर्स आणायचे कुठनं? इथं लोकांचा मोठा गोंधळ आहे, गाणं सेव्ह केलं की झालं असं वाटतं. आर्टिस्टच्या पानावरचं फॉलो वेगळं. आम्ही विश्रामबागेत, कॉलेजच्या गॅदरिंगला, मंडळाच्या कार्यक्रमाला, जिथं जिथं वाजवतो तिथं क्यूआर कोड लावतो आणि शेवटच्या गाण्याआधी सांगतो की आत्ता मोबाईल काढा आणि फॉलो दाबा, नंतर कोणी दाबत नाही. अर्धे म्हणतात यूट्यूबला नाही का. आहे, तिथंपण आहे, पण आत्ता हे करा. लाज वाटून घ्यायची नाही, पोरं करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे साध्या माणसांनी बनवलेल्या प्लेलिस्ट, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो यात आणि वसूल पण इथंच झाला. स्पॉटिफायवर मराठी प्लेलिस्ट शोधायला बसलात की पहिल्या पानावर सगळी सिनेमाची गाणी. ती सोडून द्या, ती माणसं तुम्हाला घेणार नाहीत. खाली खाली जायचं, गावाकडची गाणी, पाऊस, रात्रीचा प्रवास, जिम, कोकण ट्रिप असल्या नावांनी शोधायचं, मराठीत पण आणि इंग्रजी अक्षरात पण, कारण लोक नावं कशी पण टाईप करतात. मला हवी असते ती प्लेलिस्ट म्हणजे शे-दोनशे ते हजार-दोन हजार लोकांनी सेव्ह केलेली, ज्यात नावाजलेल्या गाण्यांच्या मध्ये मध्ये आमच्यासारखे दोन-चार बारके कलाकार आहेत आणि अलीकडं गाणी टाकलेली आहेत. कॉम्प्युटरवर उघडलं की कुठलं गाणं कधी टाकलंय ती तारीख दिसते, तिथं वर्षभर काहीच हललेलं नसेल तर मालक झोपलाय.

मालकाला स्पॉटिफायवर मेसेज करायची सोय मिळेलच असं धरून चालू नका, प्रोफाईलचं नाव बघून इन्स्टावर शोधायला लागतं, कधी सापडतो कधी नाही. मेसेजमध्ये नुसती लिंक टाकली तर उत्तर येत नाही, मी पण देणार नाही. आधी ती प्लेलिस्ट खरंच ऐकायची. मग लिहायचं की तुमच्या पावसाच्या प्लेलिस्टमध्ये ते अमुक गाणं संपतं ना, त्याच्यानंतर आमचं जमेल असं वाटतंय, ऐकून बघा, नाही आवडलं तर राहू द्या. एवढंच. कोल्हापूरचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा, त्याची रात्रीच्या एसटी प्रवासाची प्लेलिस्ट, त्यानं उत्तर दिलं, 'दादा गाणं भारी आहे पण सुरुवातीचा आलाप लय लांब आहे, गाडीत लोक पुढं ढकलतात.' बरोबर होतं त्याचं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम, म्हणजे एक ऐकणं, धरत नाहीत आणि आमचे शब्दच तेवढ्या वेळानंतर सुरू व्हायचे. पुढच्या गाण्यात पहिली ओळ लगेच घेतली, त्यानं ते पहिल्या नंबरला टाकलं, आणि आजपण दर आठवड्याला तिथनं थोडं थोडं ऐकणं येतंय. आकडा बारका असतो, पण ही माणसं गाणं सेव्ह करतात, प्रोफाईलवर येऊन बाकीची ऐकतात. असं दोन-तीन आठवडे चाललं की स्पॉटिफाय आपोआप बनवतं ते रेडिओ आणि सोमवारचं डिस्कव्हर वीकली तिथनंपण लोक यायला लागतात, निदान आमच्या आकड्यांत तरी हाच क्रम दिसला.

पैसे मागणारे भेटतात का? रोज. गाणं टाकलं की तासाभरात मेसेज, काही हजारात इतके इतके स्ट्रीम गॅरंटीड. स्पॉटिफायच्या नियमात पैसे देऊन प्लेलिस्टमध्ये जागा घेणं बसतच नाही, आणि हे गॅरंटीवाले बहुतेक बॉट, म्हणजे खोटं ऐकणारे प्रोग्राम, चालवतात. तासगावच्या एका दोस्तानं घेतलं होतं असलं पॅकेज. एका रात्रीत आकडा उड्या मारायला लागला, ऐकणाऱ्यांची शहरं बघितली तर सगळी परदेशातली, जिथं आपल्याला कुत्रं ओळखत नाही, आणि मग डिस्ट्रिब्युटरनं गाणंच काढून टाकलं. २०२४ पासून खोटे स्ट्रीम उघड सापडले तर स्पॉटिफाय गाण्यामागं डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, आणि डिस्ट्रिब्युटर तो आपल्याच गळ्यात घालणार. एखादी प्लेलिस्ट न मागता तुमचं गाणं घेत असेल तरी बघून घ्या, पन्नास हजार सेव्ह आणि आत सगळे कोणी न ऐकलेले कलाकार असतील तर तिथं गडबड आहे.

सबमिटहबसारख्या साइटवर, जिथनं प्लेलिस्टवाल्यांना गाणं पाठवता येतं, तिथं पण पाठवायला फुकट क्रेडिट मिळतात. मराठी गाण्यांसाठी तिथं जाऊन वेळ घालवू नका, क्युरेटर, म्हणजे प्लेलिस्ट बनवणारे, बहुतेक बाहेरचे, भाषा कळत नाही, उत्तरं गोड गोड नकाराची. पण एक वेगळंच घडलं ते सांगायला पाहिजे. मिरजेत सितारमेकर गल्लीत एका काकांकडं आम्ही तानपुरा रेकॉर्ड केला होता. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा, हातानं बनवलेला, मिरजेच्या सितार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे ही वस्तू इथलीच असं सांगणारं भौगोलिक मानांकन पण मिळालंय. त्या रेकॉर्डिंगमधनं एक नुसता तानपुऱ्याचा ट्रॅक काढला, शब्द नाहीत, ठेका नाही. तो ध्यान, योगा, झोप असल्या परदेशी प्लेलिस्टमध्ये पटापट गेला, कारण तिथं भाषेचा प्रश्नच नाही. वर्णनात मिरज आणि जीआय लिहिलं होतं, दोघा-तिघांनी त्याबद्दल उलट विचारलं पण.

आता लोक म्हणतील मग नाद खुळा झाला की. झाला, पण त्याची दुसरी बाजू आहे. ती माणसं रात्रभर ट्रॅक चालू ठेवून झोपतात, फॉलो करत नाहीत, आमचं मराठी गाणं तर एक सेकंद ऐकत नाहीत. आणि आमच्या पानावर 'फॅन्सना हेही आवडतं' तिथं सगळे पाऊस-समुद्राचे आवाज विकणारे यायला लागले. म्हणजे उद्या सांगलीतल्या कुणी आमचं पान उघडलं तर त्याला वाटणार हे झोपेचं औषध आहे काय. शब्द असलेली गाणी ज्यांनी ऐकायची ती माणसं वेगळी आणि ही वेगळी, एकाच नावाखाली दोन्ही ठेवली की स्पॉटिफायला पण कळत नाही आपल्याला कुणाकडं पाठवायचं. तुम्ही असलं काही करत असाल तर पहिल्या दिवसापासून वेगळं नाव घ्या.

कमाईचं विचारू नका. २०२४ पासून एका ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नसतील तर त्याचे रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. आमच्यात ती रेघ सगळ्यात आधी ओलांडली ती तानपुऱ्यानं. काकांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, 'तारा माझ्या, झोप त्यांची, पैसे तुमचे, चहा तरी सांगा.' चहा सांगितला. पुढचे दोन तानपुऱ्याचे ट्रॅक आता नव्या नावानं जातायत, आणि मराठी गाण्याचं पिच जुन्याच पानावरनं.