चिप की सुटे ट्रान्झिस्टर?

घरी पॉवर अॅम्प्लिफायर (स्पीकर चालवणारा ध्वनिवर्धक) बांधण्यासाठी एलएम३८८६ ही अख्खे अॅम्प्लिफायर सर्किट पोटात असलेली चिप घ्यावी की सुट्या ट्रान्झिस्टरांचे सर्किट जुळवावे, असे एका स्नेह्यांनी विचारले.

श्रम वाचवण्यात चिप सरस आहे. मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडले की ±२८ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला सुमारे ६८ वॅट मिळतात, शिवाय शॉर्ट सर्किट व अतितापापासूनचे संरक्षण आतच असते. सुट्या सर्किटमध्ये बायस (सिग्नल नसतानाही वाहणारा स्थिर प्रवाह) ठरवणारा ट्रान्झिस्टर आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, बसवला नाही, तर तापमानाने प्रवाह आणि प्रवाहाने तापमान वाढत जाऊन आउटपुटची जोडी जळू शकते. खर्चही बहुधा चिपचाच कमी.

दुरुस्तीत मात्र चित्र पालटते, आणि माझ्या मते खरी निवड इथेच ठरते. चिपच्या ८ क्रमांकाच्या म्यूट (आवाज बंद करणाऱ्या) पिनमधून ऋण पुरवठ्याकडे पुरेसा प्रवाह वाहत नसेल, तर आवाज येत नाही. गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) १० पेक्षा कमी ठेवला, तर ती अस्थिर होऊ शकते. बाहेरचे सारे ठीक असूनही ती मुकी राहिली, तर बदलावीच लागते. सुट्या सर्किटमध्ये प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमधला सुमारे ०.६ व्होल्ट मोजत गेल्यास दोष सापडतो. आउटपुट ट्रान्झिस्टर गेला असेल, तर ड्रायव्हर (त्याला चालवणारा आधीचा ट्रान्झिस्टर) तपासल्याशिवाय नवा बसवू नये.

पहिल्यांदा वीज देताना दोन्हींत मेन्सच्या मालिकेत फिलामेंटचा बल्ब जोडावा आणि आउटपुटवरील डीसी (स्थिर व्होल्टेज) शून्याजवळ आहे हे मोजल्यावरच स्पीकर लावावा.

लवकर ऐकण्याजोगा अॅम्प्लिफायर हवा असणाऱ्याने चिप घ्यावी. ज्याला मल्टिमीटर हाताशी धरून सर्किट समजून घ्यायचे असेल, किंवा १०० वॅटांच्या पुढे जायचे असेल, त्याने सुटे ट्रान्झिस्टर निवडावेत.