जिप्सीच्या बग्गीत ४.१६ चा लो गिअर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी गाडी कोणती ते सांगायला हवं, कारण गाडी बाजूला ठेवून ट्रान्सफर केस निवडता येत नाही. (ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटणारा डबा. त्यात रस्त्यासाठी 'हाय' आणि अवघड जागी हळू चालायला 'लो' असे दोन गिअर असतात.) जिप्सीच्या चासीवर बांधलेली पाइपची बग्गी, १२९८ सीसीचं जी१३बीए पेट्रोल इंजिन, जिप्सीचाच पाच गिअरचा बॉक्स, ३१ इंची टायर, मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), पुढे साधं डिफरन्शियल. दोन माणसं आणि भरलेली टाकी धरून वजन हजार किलोच्या आसपास. वापर सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या दगडगोट्यांवर, कोकणातल्या जांभ्याच्या वाटांवर आणि एक अख्खा पावसाळा चिखलात. ट्रान्सफर केस मूळचीच, आतले गिअर बदलून लो ४.१६ केलेला.

मूळ केसमध्ये हाय १.४०९ आणि लो २.२६८ असतो. गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६५२ आणि क्राउन-पिनियन (एक्सलमधले गिअर) ४१ ला ११, म्हणजे ३.७२७ धरलं, तर पहिल्या लोमध्ये एकूण गुणोत्तर ३०.९ येतं, म्हणजे इंजिनचे ३०.९ फेरे तेव्हा चाकाचा एक. तुमच्या गाडीत क्राउन-पिनियन वेगळं असू शकतं, झाकण उघडून दात मोजा. आता टायर पाहा. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण २६.३ इंच. ३१ इंची बसवला की गाडी १८ टक्के 'उंच' गिअरवर जाते आणि ३०.९ चं काम २६ सारखं होतं. नेमकं इथेच बहुतेक जण फसतात. टायर आधी घेतात, गिअरचा विचार क्लच जळायला लागल्यावर करतात.

वेगाच्या भाषेत: ८०० आरपीएमवर, ३१ इंची टायरवर, पहिल्या लोमध्ये मूळ केस गाडी ताशी ३.८ किमीने नेते. ४.१६ ने तोच वेग २.१ किमी होतो आणि त्याहून खालच्या ६.५ च्या सेटने १.३ किमी. ३.८ हा माणसाच्या चालण्याचा वेग आहे. दगडावर चाक टेकवताना तो जास्त होतो, म्हणून चालक क्लच अर्धा दाबून ठेवतो, आणि मग प्लेट जाते.

ताकद वाढावी म्हणून लो गिअर घालायचा असतो, असा एक गैरसमज आहे. हिशेब करून पाहू. इंजिनचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर धरला, तर मूळ गुणोत्तराने चारही चाकांवर मिळून सुमारे ३,०९० न्यूटन-मीटर पोचतो. हजार किलोची गाडी, घर्षणांक ०.८ आणि ३१ इंची टायरची त्रिज्या घेतली, तर टायर घसरायला लागणारा टॉर्कही ३,०९० च्या आसपासच येतो. म्हणजे पूर्ण टॉर्क मिळाला तर मूळ केसही चाकं फिरवू शकते. अडचण ही की तो टॉर्क वरच्या आरपीएमला मिळतो आणि दगडावर आपण आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता असतो. ४.१६ मुळे आयडलचा अर्धामुर्धा टॉर्कही पुरतो आणि क्लच पूर्ण सोडून गाडी चढते. बदल एवढाच, पण हातात गाडी पूर्ण वेगळी वाटते. उतारावर तर जास्तच: ओल्या खडकावर पाय सगळ्या पेडलवरून काढले तरी गाडी इंजिनवर थांबून उतरते, ब्रेक लावून चाक लॉक करायची वेळ फार कमी येते.

पर्याय काय काय होते ते थोडक्यात. सगळ्यात स्वस्त म्हणजे जुन्या एमजी४१० जिप्सीची केस: हाय १.५८०, लो २.५११. लोमध्ये जेमतेम ११ टक्के फरक पडतो, एकूण गुणोत्तर ३४ च्या आसपास. २८ इंचापर्यंतच्या टायरला ही केस टायरने खाल्लेलं परत देते आणि हायवरही गाडी हलकी ओढते. ३१ ला अपुरी. भंगारातून घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. केस टेबलावर ठेवा, लो लावा, आउटपुटचे १० फेरे होईपर्यंत इनपुटचे फेरे मोजा. २५ आले तर ४१० ची, २२.७ आले तर १३०० ची. शिवाय फ्लॅंजचं (शाफ्ट जोडायच्या चकतीचं) बोल्ट-सर्कल आणि स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दात) दोन्ही व्हर्नियरने मोजून घ्या, नाहीतर जॉइंट शाफ्ट लेथवाल्याकडे न्यावे लागतील.

जुन्या महिंद्रा जीपची डाना १८ ही ट्रान्सफर केस सगळ्यांना आठवते. लो २.४६, सगळी गिअरची, ओतीव लोखंडाची, दणकट. पण तिचा मागचा आउटपुट एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे मागचा एक्सलही तसाच लागतो, आणि एवढं करून लो मूळ जिप्सीपेक्षा थोडाच खाली. डिझेल जीपवर ती शोभते. हलक्या पेट्रोल बग्गीत ते वजन कशाला वाहायचं? चेन असलेल्या नव्या केस शांत असतात, पण चेन ढिली पडली की झटक्याला दात सोडते. टोयोटाच्या जुन्या हायलक्सची गिअरची केस (लो २.२८, बाजारात ४.७ चे गिअर मिळतात) आणि अमेरिकेतली ॲटलस या दोन्ही उत्तम आहेत. ॲटलसला पुढच्या-मागच्या एक्सलसाठी वेगळे दांडे असतात, त्यामुळे मागचा एक्सल न्यूट्रल करून, मागची चाकं रोखून, पुढच्या चाकांवर गाडी जागच्या जागी वळवता येते. जिप्सीच्या एका दांड्याला हे जमत नाही. पण मोठं इंजिन आणि ३५ च्या वरचे टायर नसतील तर तो खर्च लॉकर आणि एक्सलवर करा, असं ठामपणे सांगतो.

जिप्सीच्या केसची खरी सोय ही की ती गिअरबॉक्सपासून सुटी आहे, मधे एक छोटा शाफ्ट. ॲडॅप्टर नको, आणि बग्गी बांधताना केस थोडी पुढे-मागे सरकवून मागच्या शाफ्टचा कोन सुधारता येतो.

आता मुख्य गोष्ट, जी गिअर विकणारे क्वचितच सांगतात: फाउंडेशन. मूळ केस तीन रबरी फाउंडेशनवर लटकते. केस पिळवटण्याचा जोर म्हणजे बाहेर जाणारा टॉर्क वजा आत येणारा. पहिल्या गिअरमध्ये आत ३६५ न्यूटन-मीटर येतात. मूळ लोमध्ये बाहेर ८२८ जातात, म्हणजे केसवर ४६३ चा पिळा. ४.१६ मध्ये बाहेर १,५१९, पिळा १,१५४. अडीच पट! ६.५ घातलात तर दोन हजाराच्या वर. तीच तीन रबरं, तेच कान (केस बोल्टने धरायचे), जोर अडीच पट. मग काय होतं? केस फिरते, छोटा शाफ्ट वाकड्या कोनात जातो, त्याच्या सांध्यातले क्रॉस खडखडतात. दांडा बोगद्याच्या कडेला टेकतो आणि लो स्वतःहून सुटतो. 'गिअर उडतो' म्हणून लोक केस उघडतात, शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) बदलतात, आणि दोष रबरात असतो.

यावर उपाय म्हणजे पाळणा. ६ मिमी पट्टीचा पाळणा केसच्या तिन्ही कानांना धरतो, आणि तो पाळणा चासीच्या आडव्या पाइपला चार ठिकाणी पॉलियुरेथेनच्या बुशवर बसतो. थेट वेल्ड करू नका. चासी पिळते तेव्हा घट्ट बसलेल्या केसचे कान तडकतात. पाळणा बसवला की इंजिनचे फाउंडेशनही तपासा, कारण आता केस हलत नाही आणि इंजिन हलतं, तो सगळा फरक छोट्या शाफ्टच्या वाट्याला येतो. शाफ्ट परत लावताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. काढण्यापूर्वी पंचने खूण करून ठेवा.

गिअर बसवताना लक्षात ठेवण्याजोगं: तेल काढा, तिन्ही शाफ्ट, दांडा, स्पीडोमीटरची केबल आणि फोर-व्हीलच्या स्विचची वायर सोडवा, मग केस जॅकवर उतरवा. काउंटर गिअर नीडल बेअरिंगवर फिरतो. सुया ग्रीसने चिकटवल्याशिवाय शाफ्ट आत सरकवला तर एखादी सुई खाली पडते आणि पहिल्याच किलोमीटरला गिअर खाते. थ्रस्ट वॉशरची खाच केसच्या खाचेत बसली का ते आरशाने पाहा. काउंटर शाफ्टचा ओ-रिंग नवाच घाला, जुना परत घातला की तिथूनच तेल पाझरतं. मोठ्या गिअरसाठी केसच्या आत ग्राइंडिंग लागू शकतं. तसं केलं तर रॉकेलने दोनदा धुऊन हवा मारा, आणि बंद करण्यापूर्वी प्रत्येक गिअरमध्ये हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा. बेअरिंग आणि ऑइल सील सगळे नवे. केस उघडलीच आहे तर तिथे पैसे वाचवू नका.

सेट घेताना हायचं गुणोत्तर विचारा. काही सेट हाय मूळचाच ठेवतात, काही तोही खाली आणतात. ३१ इंची टायरला थोडा खाली गेलेला हाय फायद्याचाच: १.५८ असेल तर ताशी ८० ला पाचव्या गिअरमध्ये साधारण २,५०० आरपीएम, १.४०९ ला २,२५०. स्पीडोमीटर आउटपुटवर चालतो, त्यामुळे ट्रान्सफरच्या गिअरने तो चुकत नाही, टायरने चुकतो.

४.१६ की ६.५, याचं उत्तर चिखलाने दिलं. काळ्या मातीत टायरच्या खाचा भरल्या की चाक वेगाने फिरून माती फेकायला लागतं. ४.१६ मध्ये तिसरा लो लावून ३,५०० आरपीएमला चाकाचा वेग ताशी २३ किमीच्या पुढे जातो आणि वर दोन गिअर शिल्लक राहतात. ६.५ मध्ये ३,५०० आरपीएमला चौथ्यातही जेमतेम २१ किमी मिळतात आणि वर फक्त पाचवा उरतो, त्यात २७. नुसत्या कोरड्या खडकावर चालवणाऱ्याने ६.५ चा विचार जरूर करावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चिखल आहे, त्यामुळे ४.१६ बरा.

नऊ महिन्यांत काय बिघडलं? मागच्या आउटपुटचा ऑइल सील एकदा बदलावा लागला, फ्लॅंजवर सीलने पाडलेला चर हे कारण. नुसता सील बदलून उपयोग नाही, फ्लॅंज पॉलिश करा किंवा बदला. लोमध्ये आवाज मूळपेक्षा वाढला आहे, पण तो एकसारखा आहे. बदलता किंवा खरखरीत आवाज आला तरच काळजी करा. गिअरचे दात आणि फोर्क ठीक. पुढच्या एक्सलचा सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) मात्र आता साखळीतली सगळ्यात कच्ची कडी आहे. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, चाक दगडात अडकलेलं आणि पाय ॲक्सिलरेटरवर, ही तीन एकत्र आली की तो तुटणारच. चाक सरळ करा, वीतभर मागे घ्या, मग चढा.

तेल ८०डब्ल्यू-९०, साधारण ०.८ लिटर, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. नव्या गिअरवर पहिलं तेल ५०० किमीच्या आत बदला. चुंबकाला राखाडी लेप लागणं ठीक, नखात टोचेल असा तुकडा मिळाला तर केस उघडा. पावसाळ्यात प्रत्येक खोल पाण्यानंतर ड्रेन बोल्ट थोडा सैल करून पहिले थेंब बघा. तापलेली केस थंड ओढ्यात बुडली की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर त्याच दिवशी बदला. ब्रीदरला (केसच्या हवेच्या भोकाला) रबरी नळी जोडून ती डॅशबोर्डच्या उंचीपर्यंत नेली की हा त्रास जवळजवळ बंद होतो. नळीचं तोंड खाली वळवून टोकाला छोटा फिल्टर लावा. आणि पाळण्याचे बोल्ट पहिल्या दोन ट्रेलनंतर पुन्हा आवळा, पॉलियुरेथेन बसलं की ते हमखास पाव फेरा घेतात.