कोलाडचं 'फॅमिली राफ्टिंग पॅकेज': पैसे भरण्याआधी पाण्याची वेळ विचारा

'कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग, वेळ दुपारी 4, वय 6 वर्षांपासून पुढे' असं लिहिलेलं पॅकेज कुणी विकत असेल, तर ते घेऊ नका. या एका ओळीत दोन खोट्या गोष्टी आहेत, आणि दर सुट्टीत मुंबई, ठाणे, पुण्याची कितीतरी कुटुंबं नेमकी याच ओळीवर फसतात. पैसे घेऊन पळून जाणारे भामटे वेगळे, ते लवकर उघडे पडतात. इथे तसं होत नाही. तंबू मिळतो, जेवण मिळतं, लाइफ जॅकेट घालून फोटोही निघतात, फक्त ज्यासाठी पैसे मोजले ते राफ्टिंग मिळत नाही. घरी परतल्यावरही अनेकांना आपण फसलो हे कळत नाही. 'राफ्टिंग म्हणजे एवढंच असतं' असं समजून ते गप्प बसतात.

हे समजायला रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिका नदीचं पाणी समजून घ्यावं लागतं. कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळा सरला की ओढ्यासारख्या होतात. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यात वरून पाणी सोडलं जातं. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीचं धरण आहे. सेनापती बापटांनी 1921 साली सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. तिथलं पाणी घाट उतरून पायथ्याच्या भिरा इथल्या वीजघरात येतं. हे वीजघर 1927 पासून चालू आहे. वीज तयार झाली की पाणी नदीत सुटतं, आणि त्या सुटलेल्या पाण्यावर राफ्ट चालतात. म्हणजे राफ्टिंगची वेळ कॅम्पवाला ठरवत नाही, पाणी ठरवतं. पावसाळ्याचे दिवस सोडले तर ही वेळ साधारणपणे सकाळची असते. म्हणून खरे राफ्टिंगवाले तुम्हाला सकाळी आठ-साडेआठलाच बोलावतात आणि उशीर झाला तर थांबत नाहीत. साजे गावाच्या बाजूने राफ्ट पाण्यात उतरतात, साधारण बारा-तेरा किलोमीटर खाली येतात, आणि त्याला दीड ते दोन तास लागतात. पाणी पुढे निघून गेलं की त्याच पात्रात दगड उघडे पडतात आणि मधे मधे संथ डोह उरतात.

आता एका कुटुंबाचं पॅकेज बघा. आईवडील, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीत फेसाळत्या पाण्यातल्या राफ्टचा व्हिडिओ होता. एक रात्र तंबूत, चार वेळचं खाणं, राफ्टिंग, कयाकिंग आणि झिपलाइन. मोठ्यांना 2,800 आणि मुलांना 2,000, म्हणजे एकूण 9,600 रुपये. 'शनिवारच्या शेवटच्या दोनच जागा' असा निरोप आला आणि क्यूआर कोडवर निम्मे म्हणजे 4,800 रुपये भरले गेले. कोड कुठल्याशा खासगी माणसाच्या नावाचा होता. बदल्यात आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर एक रंगीत पत्रक. त्यात 'राफ्टिंग' हा शब्द होता. अंतर नव्हतं, सुरुवातीचं गाव नव्हतं आणि वेळही नव्हती.

शनिवारी दुपारी बाराला चेक-इन. चार वाजता सगळ्यांना जॅकेटं चढवून कॅम्पजवळच्या डोहात नेलं, राफ्टमध्ये बसवलं आणि पाऊण तास वल्ही मारायला लावली. एकही लाट नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "साहेब, आज पाणीच सोडलं नाही."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते फसवणुकीचा कणा आहे. पाणी सकाळी आलं होतं आणि निघूनही गेलं होतं. विकणाऱ्याला हे बुकिंग घेतानाच ठाऊक होतं. कधी कधी खरंच पाणी सुटत नाही, वीजघराच्या गरजेप्रमाणे वेळ बदलते. तेव्हा प्रामाणिक माणूस दुसरा दिवस देतो किंवा राफ्टिंगचे पैसे परत करतो. इथे मात्र रात्री जेवणानंतर सांगण्यात आलं की उद्या सकाळी 'मोठं राफ्टिंग' आहे, माणशी 1,500 रुपये वेगळे, आणि मुलांना घेणार नाहीत. शेवटी वडील एकटे गेले. निघताना मोबाइलवरच्या फोटोंचे आणखी 500 मागितले.

मुलांना न घेणं ही एकच गोष्ट त्या सगळ्यात बरोबर होती. कुंडलिकेच्या खऱ्या पट्ट्यात चांगले चालक 14 वर्षांखालच्या मुलांना बसवत नाहीत. ऋषिकेशलाही हीच मर्यादा पाळली जाते. ही अट वयाच्या दाखल्यासाठी नसते, ती शरीरासाठी असते. राफ्टमध्ये कुणाला बांधलेलं नसतं. पायाची पकड आणि मांड्यांचा जोर यावर माणूस बसून राहतो. आठ वर्षांच्या मुलाचे पाय तिथवर पोचत नाहीत, त्यामुळे पहिल्याच मोठ्या लाटेत तो उचलला जातो. म्हणून कुणी 'सहा वर्षांपासून चालतं' म्हणालं तर दोनच शक्यता उरतात. एक तर ते डोहातलं वल्हवणं आहे, नाहीतर तो माणूस तुमच्या मुलाचा जीव पणाला लावतोय. दुसऱ्या शक्यतेत पैशांचा विचारसुद्धा करू नका, तिथून निघा.

लहान मुलांना डोहात वल्हवायला आवडतं, त्यात कमीपणा काहीच नाही. ते 'डोहात वल्हवणं' म्हणून त्याच भावात विकावं, एवढीच अपेक्षा आहे.

बुकिंगआधी फोनवर चार गोष्टी विचारायच्या. राफ्ट कुठल्या गावातून पाण्यात उतरते आणि कुठे बाहेर येते? सकाळी किती वाजता हजर राहायचं? कमीत कमी वय किती? पाणी सुटलं नाही तर किती पैसे परत, आणि किती दिवसांत? राफ्ट स्वतः चालवणारा माणूस याची उत्तरं एका दमात देतो. दलाल अडखळतो, 'सर, सगळं होईल, तुम्ही फक्त या' म्हणतो. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. नंतर तक्रार करायची वेळ आली तर तोच तुमचा पुरावा. आणि वेळेचं उत्तर आल्यावर आणखी एक विचारा: आदल्या रात्री आमच्याकडेच राहायची सक्ती का? खऱ्या राफ्टिंगसाठी मुक्काम गरजेचा नसतो, पहाटे निघून पोचता येतं. सक्ती असेल तर तुम्हाला खरं म्हणजे तंबू विकला जातोय.

नोंदणीचं बघा. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आणि त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्राचा फोटो मागायला लाजू नका. तो आला की तीन गोष्टी ताडून बघा: प्रमाणपत्रावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्या खात्याचं नाव जुळतं का, पत्ता त्याच ठिकाणचा आहे का, आणि त्यावर राफ्टिंग लिहिलं आहे का. झिपलाइन किंवा ट्रेकिंगच्या कागदावर राफ्टिंग विकणं सर्रास चालतं. दलालाकडून घेणं वाईटच असतं असं नाही, पण मग प्रत्यक्ष राफ्ट कोण चालवणार त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आधी मिळायला हवं. निम्मी रक्कम आगाऊ देऊ नका. थोडं टोकन द्या, बाकी नदीवर जॅकेट अंगावर चढल्यावर.

जॅकेटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे पैशांच्या पलीकडचं नुकसान होतं. स्वस्त कॅम्पमध्ये जुनी, कापड विटलेली जॅकेटं असतात. आतला फोम चपटा झालेला असतो आणि एक बकल हमखास तुटलेलं असतं. फोम दोन बोटांत दाबून सोडा. तो पुन्हा फुगला नाही तर जॅकेट बदलून मागा. मग सगळी बकलं लावा, पट्टे ओढा, आणि दुसऱ्या कुणाला तरी मागून खांद्याचे पट्टे धरून सरळ वर खेचायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत वर आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल आणि आतला माणूस खाली राहील. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून लहान मुलाला घालतात, तेव्हा हे हटकून होतं. मुलाच्या मापाचं नसेल तर डोहातसुद्धा उतरवू नका.

मग राफ्ट. साधारण चौदा फुटी राफ्टमध्ये आठ जण आणि मागे गाइड बसतो. गर्दीच्या रविवारी त्यातच बारा जण कोंबतात, आणि वल्ही मात्र सहाच असतात. हेल्मेट प्रत्येकाला हवं, हनुवटीखालचा पट्टा लागणारं. सोबत एखादी सेफ्टी कयाक, म्हणजे पाण्यात पडलेल्याला गाठणारी छोटी होडी असावी, गाइडकडे फेकायची दोरी असावी. निघण्याआधी निदान दहा-पंधरा मिनिटं सूचना द्यायला हव्यात: पुढे वल्हव, मागे वल्हव, खाली बस, आणि पाण्यात पडलं तर पाठीवर झोपून पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे, दगडांत उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. उभं राहिलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि प्रवाह माणसाला तोंडावर आडवा पाडतो. ही शेवटची सूचना दिली नाही, तर तो गाइड शिकलेला नाही असं समजा.

नदीकाठी घाईघाईत पुढे केलेला इंग्रजी फॉर्मही वाचून सही करा. 'जोखीम पूर्णपणे माझी' असं त्यात असतंच. सही केली म्हणून चालकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही, पण तुम्ही काय कबूल करताय ते ठाऊक असावं.

हीच युक्ती दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या वेषात भेटते. ऋषिकेशला ती अंतरात असते. ब्रह्मपुरीपासूनचा पट्टा सुमारे 9 किलोमीटर, शिवपुरीपासूनचा 16. पैसे शिवपुरीचे घेतात आणि जीप ब्रह्मपुरीलाच थांबवतात, कारण नव्या माणसाला गावं ओळखू येत नाहीत. मोबाइलवर नकाशा चालू ठेवा, शिवपुरी आल्याशिवाय जीपमधून उतरू नका. बीर-बिलिंगला ती ऋतूत असते. हिमाचलमध्ये 15 जुलै ते 15 सप्टेंबर पॅराग्लायडिंग बंद असतं, तरी ऑगस्टच्या जोडसुट्ट्यांसाठी त्याचं बुकिंग घेणारी पानं इंटरनेटवर सापडतात.

मालवण-तारकर्लीला फसवणूक मिनिटांत होते. 'एक तासाचं स्कुबा' यात बोटीचा प्रवास, कपडे बदलणं, श्वासाचा सराव सगळं धरलेलं असतं, आणि पाण्याखाली माणूस जेमतेम काही मिनिटं राहतो. म्हणून विचारायचं, 'पाण्याखाली किती मिनिटं, आणि किती फुटांवर?' स्कुबासाठी मूल किमान दहा वर्षांचं हवं. दमा, कानाचं दुखणं किंवा हृदयाचा त्रास असेल तर मोठ्यांनीही उतरू नये, आणि हे न विचारता जो सिलिंडर लावतो त्याच्याकडे जाऊ नये. एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीतच आहे, निदान भाव आणि पद्धत तिथे विचारून घ्या. मे 2022 मध्ये स्कुबाहून परतणारी बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. बोटीत किती माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट आहे का, हे मोजणं आपल्या हातात असतं. समुद्र खवळू लागतो त्या मेअखेरीच्या दिवसांत लहान मुलांना घेऊन जाऊच नका.

भंडारदऱ्याचे काजवे हे असंच. ते पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दिसतात. एकदा पाऊस लागला की संपले. जुलैचं 'काजवा कॅम्पिंग' म्हणजे नुसतं कॅम्पिंग.

फसलात तर काय करायचं? जाहिरातीचं पान बनावट निघालं किंवा पैसे घेऊन फोन बंद झाला, तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, उद्यावर टाकलं तर ती शक्यता झपाट्याने कमी होते. कॅम्प खरा होता पण कबूल केलेलं दिलं नाही, तर वाट ग्राहक कायद्याची. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरेच जण तिथूनच पैसे परत करतात. नाहीच केले तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी रायगडला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरची उत्तरं आणि त्या दुपारच्या संथ डोहाचा वेळ-तारीख दिसणारा व्हिडिओ जोडा. घरी परत आल्याबरोबर जाहिरात शोधून जपून ठेवा, कारण तक्रार गेली की ती पानं सगळ्यात आधी जाहिरातच काढून टाकतात.