वर्षभर वापरून: हवेतली धूळ मोजायचं घरगुती मशिन (कोथरूड, पुणे)

बाबांना दम्याचा त्रास आहे आणि सकाळी टेकडीवर जाऊन आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून गेल्या वर्षी नवरात्रात हे पीएम २.५ (म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे अगदी बारीक कण) मोजायचं छोटं मशिन मागवलं, साडेपाच हजारांना पडलं. आता वर्ष होऊन गेलं, सगळे ऋतू बघून झाले, म्हणून लिहितेय. पाचपैकी चार स्टार. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण ह्या किमतीतल्या बहुतेक मशिन्समधे तंत्र एकच असतं, बारका पंखा हवा आत ओढतो, त्यातल्या कणांवर लेझर पडतो आणि किती प्रकाश विखुरला त्यावरून एका घनमीटरमधे किती मायक्रोग्रॅम कण असतील ह्याचा अंदाज काढतात. म्हणजे कण कोणी तोलत नाही, हे आधी डोक्यात पक्कं ठेवा.

थंडीत मशिन एक नंबर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला गॅलरीत ९५, १००, कधी ११०, आणि दुपारी दोनला त्याच जागी ४०. रात्री जमिनीलगतची हवा गार पडते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं, मग शेकोट्या, गाड्या, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, सगळ्याचा धूर खालीच कोंडतो, ऊन चढलं की मोकळा होतो. एका रविवारी मशिन पिशवीत टाकून वेताळ टेकडीवर नेलं. घरून निघताना १०४ होतं, वर जाऊन पाच मिनिटं थांबलो तर ५२. खाली बघितलं तर कोथरूड-डेक्कनवर दुधावर साय धरावी तसा पिवळट राखाडी थर, आणि त्यातून उंच बिल्डिंगांचे फक्त वरचे मजले बाहेर आलेले. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "रोज ह्यातूनच चालत येतो होय आपण." दुसऱ्या दिवसापासून त्यांचं फिरणं सहाऐवजी साडेनऊला केलं, आणि त्या थंडीत पंप आधीपेक्षा कमी लागला. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

मार्चपासून आकडा उतरला, आम्ही खूश. पण एप्रिलच्या शेवटी दोन दिवस आकाश पांढुरकं, नेहमी दिसणारा सिंहगड गायब, बाबांना धाप लागतेय आणि मशिन म्हणतंय ३८. मला काही पटेना. मग नासाच्या वर्ल्डव्ह्यू साईटवर गेले, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही, तिथे उपग्रहाने मोजलेल्या एरोसोल ऑप्टिकल डेप्थचा नकाशा मिळतो. एरोसोल म्हणजे हवेत तरंगणारे कण, आणि जमिनीपासून वरपर्यंत हवेचा जो अख्खा खांब आहे त्यातले सगळे कण मिळून ऊन किती अडवतात ते हा आकडा सांगतो. ०.१ म्हणजे आकाश स्वच्छ, १ च्या जवळ गेला की चांगलंच गढूळ. त्या दिवशी आपला भाग गडद रंगात होता आणि अरबी समुद्रावरही मोठा पट्टा. उन्हाळ्यात अरबस्तानातली, थरच्या वाळवंटातली धूळ वाऱ्याबरोबर येते, त्यातली बरीच उंचावरून जाते, ती उपग्रहाला दिसते पण आपल्या गॅलरीत येत नाही. आणि जी खाली उतरते ती जाडसर असते, ती ह्या लेझरला नीट पकडताच येत नाही. त्यामुळे मशिनवर पीएम १० चा (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) जो आकडा येतो त्यावर उन्हाळ्यात अजिबात विसंबू नका, माझा एक स्टार इथे गेला.

थंडीत बरोबर उलटं. पहाटे नाकाशी हवा वाईट असूनसुद्धा उपग्रहाचा आकडा बेताचाच, कारण धूर खालच्या पातळ थरात दाटलेला, अख्ख्या खांबाच्या हिशोबात तो फार नाही, शिवाय हा उपग्रह दिवसा ठराविक वेळीच डोक्यावरून जातो, तोवर ऊन चढलेलं असतं. दोघंही आपापल्या जागी खरंच सांगतात, फक्त वेगवेगळ्या हवेबद्दल. आपल्या पाषाणच्या आयआयटीएममधे (हवामानावर संशोधन करणारी सरकारी संस्था) सूर्याकडे रोखून हाच आकडा जमिनीवरून मोजणारं यंत्र आहे, अशा यंत्रांशीच उपग्रहाचं मोजमाप ताडून बघतात, हे वाचल्यापासून त्या रस्त्याने जाताना दरवेळी गेटकडे लक्ष जातं.

पावसाळ्यात उपग्रह ढगाखालचं बघू शकत नाही, त्यामुळे नकाशा दिवसेंदिवस रिकामा. पाऊस हवा धुवून काढतो, छातीला ते कळतंही, तरी रिमझिम चालू असली की मशिन ५५-६० दाखवायचं. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि लेझरला मोठे दिसतात. सरकारी केंद्रांवरच्या यंत्रांत आत घेतलेली हवा आधी गरम करून सुकवायची सोय असते, ह्यात नाही. मी जुलै-ऑगस्टमधे आकडा बघणंच सोडलं होतं.

अजून एक, ह्यात खूप जण फसतात. सफर ह्या सरकारी सेवेच्या ॲपवर एक्यूआय (हवा किती वाईट ते सांगणारा निर्देशांक) असतो आणि मशिनवर मायक्रोग्रॅम, हे दोन आकडे शेजारी ठेवून मशिन खोटं ठरवू नका. आपल्याकडच्या हिशोबात पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय १००, आणि २४ तासांची भारतातली मर्यादाही ६० च आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२१ मधे ती १५ केली. त्या हिशोबाने आमच्या गॅलरीत थंडीत एकही दिवस बसत नाही.

बारीकसारीक सांगायचं तर बॅटरी तीन तास पुरते, चार्जरला लावूनच ठेवा. ओट्यापासून लांब ठेवा, फोडणी टाकली की ३०० च्या वर जातं आणि उदबत्तीने पण. मे महिन्यात पंखा घरघरायला लागला, हेल्पलाईनने आठव्या दिवशी उत्तर दिलं तोवर मीच मऊ ब्रशने जाळी साफ केली, काजळासारखी काळी धूळ निघाली, बोटावर घेऊन बाबांना दाखवली.

ऑक्टोबर संपत आलाय, पहाटे गार वाटायला लागलंय. आज साडेसहाला ७२ आला. बाबांनी बूट काढून ठेवले आणि पेपर घेऊन बसले, साडेनऊला निघतील.