‘ओठांना सवय होईल’ म्हणत गंडवलं

लग्नसराईच्या तोंडावर ट्रम्पेटचा माउथपीस बदलायचा होता. बाख कंपनीचा ७सी मापाचा बरीच वर्षं वाजवला, आता ३सी हवा होता. (बाखमध्ये आकडा लहान तितका कप, म्हणजे ओठांपुढची वाटी, रुंद, यामाहाचं नेमकं उलटं. दुकानदारही यात गोंधळ घालतात.) वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातीत वाशीचा एक गृहस्थ सापडला. "दादा, ओरिजिनल बाख आहे, चांदीचा मुलामा. मुलाने वाजवणं सोडलं म्हणून देतोय." साडेतीन हजार सांगितले. वाशी स्टेशनबाहेर भेटला, अगदी सभ्य माणूस. रिक्षांच्या गोंगाटात दोन सूर फुंकून पाहिले आणि पैसे यूपीआयने दिले.

कळव्याला घरी येऊन वाजवलं तर माउथपीस डुगडुगतोय. फोन केला. "नवीन आहे ना दादा, ओठांना सवय व्हायला वेळ लागतो." वरच्या पट्टीत गेलं की दम संपायचा, सूर खाली घसरायचा. पुन्हा फोन. "रोज सकाळी लांब सूर धरा, पंधरा दिवस द्या." डुगडुगीचं विचारलं तर म्हणे, माउथपीसच्या दांडीला कागद गुंडाळा. पंधरवडा उलटला तसा फोनच बंद.

डाव बघा कसा. सवय होते ही गोष्ट खरीच आहे. रिमची, म्हणजे ओठ टेकतात त्या कडेची जाडी, तिची धार, कपाची खोली बदलली की ओठ काही दिवस कुरकुरतात, मग रुळतात. पण डुगडुगीची सवय कुणाला होत नाही. दांडी ट्रम्पेटमध्ये इंचभर आत जाऊन हलक्या पिळाने घट्ट बसायला हवी. माझी बारीक निघाली, म्हणजे कॉर्नेटची, ट्रम्पेटच्याच जातीच्या आखूड वाद्याची असणार.

आमच्या बँडच्या मास्तरांनी एक युक्ती दाखवली. जांभळी नाक्यावरून ३.५ आणि ४ मिमीची ड्रिलची पाती आणली आणि त्यांची गुळगुळीत मागची बाजू कपाच्या तळातल्या भोकात घालून पाहिली. बाखचं साधं भोक ३.६६ मिमीचं, म्हणजे ३.५ जायला हवं, ४ अडायला हवं. माझ्यात ४ चंही सर्रकन आरपार गेलं. दम कुठे जात होता ते तिथेच कळलं. बाहेरची अक्षरंही उथळ, कडा पसरलेल्या. रिमवर पिवळं पितळ डोकावू लागलं होतं आणि ओठाला खाज सुटली होती ती वेगळीच.

तेव्हा विकणारा स्टेशनवर भेटू म्हणाला तर शांत जागा मागा. आपलं वाद्य आणि ३.५-४ ची पाती सोबत न्या. सवयीची गोष्ट त्याने पहिल्याच फोनवर काढली तर तिथेच सावध व्हा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, व्यवहार क्रमांक दिला. पैसे अजून आलेले नाहीत. तोच फोटो आता ऐरोलीच्या एका जाहिरातीत आहे, रिमच्या डाव्या कडेवरच्या ओरखड्यासकट. या वेळी वाजवणं मुलीने सोडलंय.