आयल्ट्स रायटिंग टास्क 1: बस-ट्रेनच्या आलेखांवर काही महिने घालवल्यानंतरचा अनुभव

यूकेच्या नर्सिंग नोंदणीसाठी आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा ॲकॅडमिक प्रकार देणाऱ्यांसाठी मुख्यतः हे लिहिते आहे. तिथल्या एनएमसीला, म्हणजे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये प्रत्येकी 7 बँड (9 पैकी गुण) लागतात, रायटिंगमध्ये 6.5. ऐकायला रायटिंगची अट सोपी वाटते, पण आमच्यातल्या बऱ्याच जणींचं घोडं नेमकं तिथेच अडतं. मी वॉर्डची ड्युटी सांभाळून पाच-सहा महिने रायटिंगच्या टास्क 1 चा, म्हणजे दिलेला आलेख किंवा तक्ता शब्दांत मांडण्याचा, सराव केला आणि मुद्दाम एकच विषय धरून ठेवला: सार्वजनिक वाहतूक. मला हवा होता तो बँड मिळाला. त्यात कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, ते सांगते.

हाताशी तीन गोष्टी होत्या. केंब्रिजचे अधिकृत सराव-संच, ज्यात प्रत्येकी चार पूर्ण प्रश्नपत्रिका असतात. परीक्षक ज्यावरून गुण देतात त्या बँड डिस्क्रिप्टर्सची सार्वजनिक आवृत्ती, जी फुकट मिळते. आणि एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स.

नोट्सचं आधी उरकते, कारण त्यांनी माझा बराच वेळ खाल्ला. त्यात वाढीच्या शब्दांचा एक तक्ता, घसरणीच्या शब्दांचा दुसरा आणि वर तयार साचा: सुरुवातीचं वाक्य हे, मधलं हे, शेवटचं हे, रिकाम्या जागी आकडे भरा. सोअर, स्कायरॉकेट, प्लमेट असे दणदणीत शब्द पाठ करायचे. आता नेटवर सगळीकडे फिरणारा एक प्रश्न घ्या. यूकेमध्ये 1970 ते 2030 या काळात रोज कार, बस आणि ट्रेनने कामावर जाणाऱ्यांची संख्या, तीन रेषा. बसची रेषा साधारण 40 लाखांवरून 30 लाखांवर येते आणि त्याला साठ वर्षं लागतात. तिथे ‘प्लमेट’ (एकदम कोसळणं) लिहिलं तर शब्द भारी, पण माहिती खोटी. शब्दसंपत्तीचे गुण शब्द किती मोठा आहे यावर नसतात, तो तिथे बसतो का यावर असतात. हे त्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं आणि फी भरून आलेल्या मुलींना असं अर्धवट शिकवलं जातं याचा मला अजूनही राग येतो.

खरा फरक पडला तो डिस्क्रिप्टर्समुळे. एकच पान नीट वाचलं तरी पुरतं. टास्क अचीव्हमेंटच्या रकान्यात बँड 7 ला स्पष्ट ओव्हरव्ह्यू, म्हणजे एकूण चित्राचा गोषवारा, मागितला आहे, माहितीची योग्य गटवारी आणि मुख्य कल किंवा फरक ओळखलेले हवेत. बँड 5 च्या रकान्यात म्हटलंय की तपशील यांत्रिकपणे सांगितलेले असतात. आमच्यापैकी बहुतेक जणी त्याच रकान्यात सापडतात. इंग्रजी बरं असतं, पण 1970 ला इतके, 1980 ला इतके, 1990 ला इतके असं डावीकडून उजवीकडे वाचत सुटतात.

आणि हे आपल्याला खरं तर जमायला हवं. टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वसनाच्या नोंदींचा तक्ता) बघून शिफ्टचा हँडओव्हर देताना आपण चार-चार तासांचे सगळे आकडे वाचून दाखवतो का? ‘ताप रात्रीपासून उतरतोय, बीपी स्थिर आहे, युरिन आउटपुट मात्र कमी होतंय’ एवढं सांगतो, आणि मग लागतील ते दोन-चार आकडे. टास्क 1 चा ओव्हरव्ह्यू म्हणजे तेच काम. ही गोष्ट मनात बसल्यावर माझं लिखाण बदललं.

त्याच तीन रेषांच्या आलेखावर मी काय करायचे ते सविस्तर सांगते. पहिली दोन-तीन मिनिटं लिहायचंच नाही. सगळ्यात वर कोण? कार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कोण चढतंय? कार आणि ट्रेन. कोण उतरतंय? फक्त बस. क्रम कुठे बदलतो? 1970 ला बस सुमारे 40 लाख आणि ट्रेन 20 लाख. 2030 ला ट्रेन 50 लाखांच्या जवळ आणि बस 30 लाखांवर. म्हणजे मध्ये कुठेतरी ट्रेनने बसला मागे टाकलं. हे दोन वाक्यांत, एकही आकडा न घालता लिहिलं की ओव्हरव्ह्यू झाला. पुढे दोन परिच्छेद: चढणाऱ्या दोन रेषा एकत्र, उतरणारी वेगळी. कार 50 लाखांवरून 90 लाखांच्या आसपास जाते, तेवढी टोकं द्यायची. आणि आलेखाचा उजवा भाग अंदाज म्हणून दिलेला असेल तर तिथे साधा भूतकाळ चालत नाही, ‘वाढेल असा अंदाज आहे’ या धाटणीची रचना लागते. परीक्षेला या विषयाचे आलेख का आवडत असावेत ते इथे कळतं: चढ, उतार, छेद आणि भविष्यकाळ, सगळं एका चित्रात.

तक्त्यांचा सराव वेगळा करा. सहा शहरांच्या भुयारी रेल्वेचा एक तक्ता सरावात नेहमी येतो: सुरू झाल्याचं वर्ष, किलोमीटर, वर्षाचे प्रवासी दशलक्षांत. त्यात लंडन 1863 चं, 394 किलोमीटर, 775 दशलक्ष प्रवासी. टोकियोची लांबी 155 किलोमीटर, सुरू झालं 1927 मध्ये आणि प्रवासीही 1927 दशलक्ष! घाईत वर्ष कुठलं आणि प्रवासी कुठले याचा घोळ होणारच, म्हणून रकान्याचं शीर्षक बोट ठेवून वाचायची सवय लावून घ्या. यात सांगण्यासारखी गोष्ट ही की लंडन सगळ्यात जुनं आणि सगळ्यात लांब, पण निम्म्याहून कमी लांबीचं टोकियो त्याच्या दुपटीहून जास्त माणसं वाहतं. हे सापडलं की उत्तराला कणा मिळतो.

या विषयाचा एक धोका मात्र आहे. तो आपल्या फार ओळखीचा असतो. मी रोज मध्य रेल्वेने जाणारी. 2019 च्या जुलैत बेस्टने किमान भाडं 5 रुपयांवर आणलं तेव्हा बसथांब्यांवर वाढलेली गर्दी मी पाहिली आहे, आणि 2020 मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद असताना हॉस्पिटलचं ओळखपत्र दाखवून प्रवासही केला आहे. त्यामुळे प्रवासी का घटले, भाडं किती असावं, यावर मत तयारच असतं. टास्क 1 मध्ये ते मत लिहायचं नाही. आलेखात कारण दिलेलं नसेल तर उत्तरातही नको. दुसरं, सवयीच्या डोळ्यांना नको ते दिसतं आणि हवं ते निसटतं. लंडनच्या भुयारी स्थानकाचा दिवसभराचा एक आलेख आहे. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ची टोकं लोकलवाल्याला लगेच दिसतात, पण दुपारच्या जेवणाच्या वेळचा उंचवटा मैत्रिणींच्या उत्तरांतून हमखास गायब असायचा.

व्याकरणात दोनच ठिकाणी डोळ्यांत तेल घाला. 50 लाखांपर्यंत वाढणं आणि 50 लाखांनी वाढणं, म्हणजे ‘टू’ आणि ‘बाय’. इथे चुकलात की आकडाच चुकतो. आणि बस कमी होत नाही, बसने जाणाऱ्यांची संख्या कमी होते. वाक्याचा कर्ता ती संख्या हवी.

वेळेचं गणित: या टास्कला 20 मिनिटं आणि किमान 150 शब्द. टास्क 2 चं, म्हणजे निबंधाचं, वजन याच्या दुप्पट आहे, त्यामुळे इथे 20 च्या वर एक मिनिटही देऊ नका. कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर शब्दसंख्या पडद्यावर दिसते, पण स्पेलिंग कोणी सुधारून देत नाही. सरावही तसाच, ऑटो-करेक्ट बंद करून करा. अधिकृत संचांत मागे काही उमेदवारांची उत्तरं परीक्षकांच्या शेऱ्यांसह असतात. नमुना उत्तरांपेक्षा मला ते शेरे जास्त उपयोगी पडले, विशेषतः कमी बँडच्या उत्तरांवरचे.

जनरल ट्रेनिंग देणाऱ्यांना यातलं काही लागत नाही, त्यांना टास्क 1 मध्ये पत्र असतं. ॲकॅडमिकवाल्यांनीही फक्त बस-ट्रेनवर थांबू नये. नकाशे आणि प्रक्रियेच्या आकृत्या हा प्रकार वेगळा आहे, तिथे चढ-उताराची भाषा कामाची नाही. शेवटचा महिनाभर मी त्याच केल्या.